टॅम्सिनमावशीचे लोण्याचे शब्द

मागच्या फेब्रुवारीत माझी टॅम्सिनमावशी गेली. चॅपलमध्ये तिच्याबद्दल चार शब्द बोलायला उभं कोण राहिलं, तर मथायस आयव्हसन! "लोण्याला हात असावा तर टॅम्सिन सन्टरचा," असं म्हणाला आणि ओल्या ओठांवरून रुमाल फिरवला. बायकांनी लगेच नाकं ओढली. मला शिसारी आली. या माणसाच्या घरात माझ्या मावशीचं लोणी छप्पन्न वर्षांत चिमूटभरही गेलं नव्हतं, आणि ते का गेलं नव्हतं हे त्या खोलीत बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. तरी सगळे माना डोलावत होते.

म्हणून मी हे लिहितेय. मावशीच्या आठवणीत गोड बोलणं मला जमायचं नाही, जे झालं ते सांगते.

माझी आई आणि टॅम्सिनमावशी या सन्टरांच्या दोन मुली. घरात दोन गाई, एक उतरता माळ आणि ओढ्याकाठी दगडी दूधघर. आजोबांनी मावशीला नऊ वर्षांची असल्यापासून लोण्याला लावलं, कारण तिचे हात गार होते. गरम हातांच्या बाईनं लोण्याला शिवू नये, ते घामेजतं, चिकट होतं आणि दोन दिवसांत खवट वास मारतं. मावशी तर थंड हात असूनही कामाआधी ते ओढ्यात मनगटापर्यंत बुडवून ठेवायची, बोटं लाल होईस्तोवर. घुसळणीचं पिंप उकळत्या पाण्यानं दोनदा धुवायची. लोणी सात पाण्यांतून काढायची, शेवटचं पाणी पिता येईल इतकं स्वच्छ निघेपर्यंत. मग लाकडी फळ्यांनी दाबून, मीठ मळून, वर घरचा ठसा मारायची. आमचा ठसा तीन पानांचा होता. विसाव्या वर्षी तालुक्याच्या जत्रेत तिच्या लोण्याला पहिलं बक्षीस मिळालं. तिथूनच लोकांच्या पोटात दुखायला लागलं असं आई म्हणायची.

सर्वांत जास्त दुखलं ते वरच्या हाय इंग नावाच्या शेतावर, आयव्हसनांच्या घरात. मथायसची आई मर्सी आयव्हसन तेव्हा जिवंत होती. तिच्या दूधघराबद्दल मी आईकडून ऐकलंय आणि नंतर स्वतः पाहिलंयही, म्हणून खात्रीनं सांगते: पिंपाच्या झाकणाखाली हिरवट बुरशीची कड, दुधाच्या परातींवर मांजराचे केस, आणि बाई डुकरांना खायला घालून आलेल्या हातांनी साय काढायची. हात तरी कसे, उकडलेल्या बटाट्यांसारखे गरम आणि ओले. तिच्या लोण्यात केस नाही सापडला तर गिऱ्हाईक चकित व्हायचं. पण आयव्हसन म्हणजे शंभर मेंढ्या, चॅपलमध्ये पहिला बाक. त्यांना नावं कोण ठेवणार?

अठराशे अठ्ठ्याण्णवच्या मे महिन्यात हाय इंगवर लोणी येईना. त्या वर्षी मे असा गार होता, की मेंढ्यांची पिल्लं कुडकुडून मेली. आयव्हसनांचं दूधघर उत्तरेकडे तोंड करून. साय बर्फासारखी झालेली, ती पिंपात नुसती फेसाळत गोल फिरायची. घुसळा कितीही. कुणीही शहाण्या बाईनं पिंप चुलीजवळ आणलं असतं, पण मर्सीला ते सुचलं नाही. तिला दूधघरात एक पांढरं फुलपाखरू दिसलं.

आमच्याकडे फुलपाखराला लोणीमाशी म्हणायचे. नाव गोड आहे, पण त्यामागे जे मानलं जायचं ते नासलेलं होतं: चेटूक करणारी बाई या रूपात येते, सायीवर बसते आणि दुसऱ्याच्या घरचं लोणी आपल्या घरी नेते. अजूनही आमच्या खोऱ्यातले पुरुष वर्षातली पहिली लोणीमाशी दिसली की टोपीनं झोडपून मारतात आणि बुटाखाली चिरडतात. शहाणीसुरती, चष्मे लावणारी माणसं! ते पिवळं काहीतरी दगडावर पसरलेलं दिसलं की मला अन्न जात नाही.

तर चेटकी कोण हे ओळखायची एक रीत होती. लोखंडी सळई लाल होईपर्यंत तापवायची आणि पिंपातल्या सायीत खुपसायची. सायीतून चटका तिथल्या तिथे त्या बाईच्या अंगावर उठतो. आणि त्यानंतर जी पहिली बाई दारात काही उसनं मागायला येईल, तीच ती. तिला काही द्यायचं नाही, मिठाचा खडासुद्धा नाही.

मर्सीनं सळई खुपसली. सायीला ऊब लागली आणि दहा मिनिटांत लोणी आलं. येणारच! पण घरातल्या बायकांनी हात जोडले. आणि तेवढ्यात दार वाजलं. माझी मावशी. आजीनं तिला पावाचं यीस्ट मागायला धाडलं होतं. हातात रिकामं भांडं, आणि उजव्या मनगटाला फडकं बांधलेलं.

मर्सीनं फडकं ओढून काढलं. खाली भाजल्याचा लाल पट्टा.

हा चटका कसा लागला होता ते सांगते. त्या दिवशी उजाडता उजाडता मावशी चुलीच्या तव्यावर ओटच्या भाकरी भाजत होती. आजी-आजोबा गोठ्यात. स्वयंपाकघरात तिपाईवर कोण बसलं होतं? मथायस. वर्षभर तो मागच्या भिंतीवरून उडी मारून असाच यायचा, मावशीच्या हातची गरम भाकरी लोणी लावून खायचा आणि लग्नाच्या गोष्टी करायचा. त्या सकाळी त्यानं आपल्या आईची नक्कल केली, मावशीला हसू आवरेना आणि मनगट तव्याला टेकलं. त्यानंच ताटलीतलं लोणी बोटावर घेऊन तिच्या मनगटाला चोळलं. फडकंही त्यानंच बांधलं. मग भिंतीवरून परत गेला.

आणि आता हा मथायस आपल्या आईच्या मागे, हाताच्या अंतरावर उभा होता.

मावशीनं त्याच्याकडे पाहिलं. त्यानं एक वाक्य बोलायचं होतं. 'आई, मी तिथे होतो.' बस्स. पण तसं म्हटलं असतं तर पहाटे सन्टरांच्या घरात काय करत होतास, हा प्रश्न आला असता, आणि आईनं त्याच्यासाठी लोण्याच्या दलालाची मुलगी, सेलिना, केव्हाच हेरून ठेवली होती. मथायसनं आपल्या बुटांकडे पाहिलं. मावशीलाही बोलता येईना. एकटी असताना पुरुष घरात घेतला हे तिनं स्वतः कसं सांगायचं? ते त्यानं सांगायला हवं होतं. ती वाट बघत राहिली. त्या दिवशी, त्या आठवड्यात. सप्टेंबरात त्यानं सेलिनाशी लग्न केलं.

दलालानं मावशीचं लोणी घेणं बंद केलं. "माझं काही नाही हो, गिऱ्हाईक नको म्हणतं," असं हसत हसत सांगून गेला. दोन्ही गाई गेल्या. पुढची पन्नास वर्षं मावशीनं सरायीतल्या चादरी धुतल्या, मोजे विणले, पण खोऱ्यातल्या एकाही घरानं तिला दूधघराचा उंबरा ओलांडू दिला नाही. पोरं तिच्या मागे 'लोणीमाशी, लोणीमाशी' ओरडत धावायची. आयव्हसनांची पोरं सर्वांत पुढे. घरापुरतं लोणी ती काचेच्या बरणीत करायची, दार लावून. ते मी शिकले. आणि त्याबरोबर तिचे शब्द शिकले.

शब्द म्हणजे काय, तर लोण्याचं जे जे होतं त्याला तिच्याकडे नाव होतं. पिंपात साय जड होते त्या क्षणाला एक. पहिला रवा दिसतो त्याला एक. लोण्याच्या पोटात अडकलेल्या पाण्याच्या थेंबाला, गाईनं सलगम खाल्ल्यावर येणाऱ्या वासाला, फळीला चिकटून राहिलेल्या पातळ पापुद्र्याला, मे महिन्याच्या गवतानं येणाऱ्या पिवळेपणाला. पन्नासेक असतील. ते तिला तिच्या आजीकडून आले होते, दुसरं कुणी ते वापरत नव्हतं. इतर घरांत केव्हाच यंत्र आलं होतं, आणि महायुद्धानंतर तर रेशनचं मार्गारीन, तेलाचं नकली लोणी. ते पिवळं ग्रीस मी आजही चाकूच्या टोकानं लांब धरते.

त्रेपन्न साली मे महिन्यात मिस्टर लँगली आले. कुठल्याशा विद्यापीठातून, जुने शब्द गोळा करायला. तरुण माणूस, सभ्य, पण भुकेला. म्हणजे शब्दांसाठी भुकेला. कुणाच्या तोंडातून जुना शब्द निघाला की याचे डोळे ताटाकडे बघणाऱ्या कुत्र्यासारखे व्हायचे. सरायीतली माणसं त्याला बिअरच्या ग्लासावर शब्द विकत होती, नसले तर बनवून देत होती. आणि सगळ्यांत मोठा दुकानदार कोण, तर मथायस. त्यानं लँगलीला तापलेल्या सळईची गोष्ट सांगितली.

"ती बाई अजून आहे?" लँगलीनं विचारलं.

"आहे की! चर्चच्या मागे, शेवटचं घर. पण सांभाळा हं साहेब, उडून येईल तुमच्या चहावर!"

सरायवाल्याच्या बायकोनं मला हे जसंच्या तसं सांगितलं, आणि सांगताना तीही हसली.

लँगली आमच्याकडे चहाला आला. मला वाटलं मावशी दार लावून घेईल. पण त्यानं आल्या आल्या विचारलं, "मिस सन्टर, तुम्ही लोणी कसं करायचात?"

मावशीनं हातातली किटली खाली ठेवली. पंचावन्न वर्षांत तिला हे कुणी विचारलं नव्हतं. ती हळूच म्हणाली, "आधी हात गार करायचे." आणि मग जी बोलायला लागली, ती दिवे लावायची वेळ झाली तरी थांबेना. तिचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. लँगलीनं वहीची चार पानं भरली.

तो बोलायचाही फार. म्हणे लोणीमाशी हा शब्द हजार-बाराशे वर्षं जुना, मठातल्या साधूंनीसुद्धा लिहून ठेवलाय. "हे नाव का पडलं यावर वाद आहे," तोंडात लोणी-पाव कोंबलेला असतानाच तो सांगू लागला. "काहींच्या मते पिवळ्या रंगामुळे. काहींच्या मते ती लोणी चोरते म्हणून. आणि काही म्हणतात, तिची विष्ठा लोण्यासारखी दिसते म्हणून."

मी माझी ताटली बाजूला सरकवली. मावशी मात्र म्हणाली, "चोरते असं म्हणणाऱ्यांपेक्षा ते शेवटचे बरे."

गुरुवारी चॅपलच्या शाळाखोलीत त्यानं तिचा आवाज टेपरेकॉर्डरवर घेतला, कारण वीज तिथेच होती. खोलीत आम्ही तिघंच. मावशीनं एकेक शब्द सांगितला आणि त्या वेळी काय काय करायचं तेही. चाळीस मिनिटं. तिनं जत्रेत जायचा निळा कोट घातला होता. परतताना मला म्हणाली, "फ्रीडा, हे पुस्तकात येणार गं. माझ्या नावानं."

मला वाटलं, देवानं एवढं तरी केलं.

शनिवारी लँगलीनं त्याच शाळाखोलीत निरोपाचा चहा ठेवला, सगळ्या गावाला बोलावलं. मथायस आणि मावशी या दोन जुन्या माणसांचा एकत्र आवाज घ्यायचा होता म्हणून त्यानं मावशीला आग्रह केला, आणि मी मूर्ख, तिला घेऊन गेले. ती मागच्या बाकावर बसली. मी किटल्या सांभाळत होते. पुढे मथायस, मायक्रोफोनला अगदी ओठ लावून. सेलिना दोन वर्षांपूर्वी वारली होती, मर्सी तर केव्हाच. आता त्याला कुणाची भीती नव्हती. त्यानं सळईची गोष्ट सांगितली, आईचा आवाज काढून, सायीचा चुर्र आवाज काढून. लोक पोट धरून हसत होते. मावशीच्या समोर! एकानंही मागे वळून पाहिलं नाही.

लँगलीनं विचारलं, "पण मिस्टर आयव्हसन, भाजल्याची खूण खरंच होती का हो?"

"होती ना! सकाळीच तव्यावर भाजली होती ती. मीच तर बसलो होतो तिथे, तिच्या भाकरी हाणत! लोणीसुद्धा मीच चोळलं या बोटानं." त्यानं जाड बोट वर केलं. "आणि तासाभरानं आमची म्हातारी ओरडतेय, चेटकी, चेटकी! मला असं हसू येत होतं सांगू, दात ओठावर रोवून उभा होतो!"

लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. मग कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि सगळी खोली हसायला लागली.

ज्या एका वाक्यासाठी माझी मावशी पंचावन्न वर्षं थांबली, ते असं आलं. चहा, बिस्किटं आणि हशा. कबुली नव्हे, पश्चात्ताप तर नव्हेच. या माणसाच्या मनावर त्याचं कधी ओझंच नव्हतं. तो भेकड आहे असं मी समजत होते. त्याला तर ती गंमत वाटली होती.

मावशी उठून पुढे आली. "पुन्हा ऐकवा," ती लँगलीला म्हणाली.

त्यानं फीत मागे घेतली. मथायसचा आवाज आला, तवा, भाकरी, बोट, सगळं. मग तो हशा. "पुन्हा," मावशी म्हणाली. दुसऱ्यांदा कुणी हसलं नाही. तिसऱ्यांदा लोक चहाच्या कपात बघत होते.

"अगं टॅम्सिन, जुनी गोष्ट झाली," मथायस म्हणाला. "हसून सोडून द्यायची."

तिनं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "हे किती वर्षं राहतं?" तिनं लँगलीला विचारलं.

"नीट ठेवलं तर आपल्या सगळ्यांनंतरही राहील."

"मग हे ठेवा. यातलं अक्षर काढू नका. आणि गुरुवारचं माझं पुसा."

लँगलीनं फितीवर हात ठेवला. "मिस सन्टर! ते शब्द दुसऱ्या कुणाकडे नाहीत!"

"नसू देत."

"तुमच्यानंतर ते मरतील हो. या खोऱ्याचा ठेवा आहे तो."

"खोऱ्याचा?" मावशी म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "या खोऱ्यानं माझं लोणी टाकलं. मग त्याच्यावरचे शब्द कशाला हवेत? पुसा."

तो गयावया करू लागला. नाव छापीन म्हणाला, मोठ्या अक्षरांत छापीन म्हणाला. तिनं वहीची चार पानं मागितली, मिळाल्यावर शेगडीत घातली आणि यंत्रासमोर खुर्ची ओढून बसली. पुसायचं म्हणजे त्या यंत्रात एकच उपाय होता, मायक्रोफोन चालू ठेवून, काही न बोलता त्याच फितीवर पुन्हा आवाज घ्यायचा. चाळीस मिनिटं. लँगलीनं बटण दाबलं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि मला त्याचीही किळस आली, कारण गोष्ट ऐकताना ते आलं नव्हतं.

मायक्रोफोन चालू होता म्हणून कुणाला बोलता येईना, आणि ती समोर बसली होती म्हणून उठताही येईना. सगळं गाव बसलं. खोकले, बुटांची कुरकुर, कुणाच्या तरी पोटातली गुरगुर, सगळं तिच्या शब्दांवर जाऊन बसत होतं. मथायस ओठ पुसत होता. काय झालंय हे त्याला शेवटपर्यंत कळलं नाही, असं मला वाटतं.

फीत संपली. मावशीनं कोटाची बटणं लावली आणि आम्ही निघालो. लँगलीच्या पुस्तकात आता मथायसची गोष्ट आहे, तव्यासकट. तेवढ्यानं मावशीच्या नावावरचा डाग धुतला गेला. आमच्या खोऱ्यातल्या लोण्याच्या शब्दांची जागा कोरी आहे. मध्ये त्याचं पत्र आलं होतं, मला काही आठवतंय का विचारत. मला सगळे पन्नास येतात. मी उत्तर दिलं नाही.

मी हट्टानं गप्प बसले असं वाचणाऱ्याला वाटेल, पण तसं नाही. त्या संध्याकाळी घरी जाताना मी सगळ्या गावाला शिव्या घालत होते. मावशी ओढ्याच्या पुलावर थांबली.

"फ्रीडा, पुरे," ती म्हणाली. "ते पहिलं फिस्सकन हसू तुझं होतं. तिन्ही वेळा ओळखलं मी."